बत्तीस नंबर

तंबू ठोकायच्या आधी ते जमिनीवर आडवे व्हायचे. नुसतं वाकून बघणं नाही, पायाने दगडगोटे बाजूला सारणं नाही. इस्त्रीची पँट, खोचलेला शर्ट, आणि त्याच थाटात सरळ उताणे. हात अंगाला लागून, डोळे मिटलेले. दोन-तीन मिनिटांनी एक डोळा उघडून म्हणायचे, "आधी जमिनीला विचारावं." मग उठायचे, अडीच पावलं डावीकडे सरकायचे आणि पुन्हा आडवे व्हायचे.

मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, काका गेले. मी सॉफ्टवेअरमधला माणूस. संकट आलं की आधी फोन काढतो. त्या तळ्याकाठी सिग्नलची एकच काडी होती, म्हणून मी फोन डोक्यावर धरून गोल गोल फिरत होतो. तेवढ्यात शेजारच्या जागेवरची एक अमेरिकन बाई कुत्र्यासकट धावत आली आणि "सर, आर यू ऑल राइट?" असं विचारू लागली. काकांनी डोळे उघडले, आधी कुत्र्याला गुड मॉर्निंग म्हटलं, मग बाईंना. मला म्हणाले, "फोन खाली घ्या. इथे एक मूळ आहे, पाठीला लागतंय."

असा एखादा काका तुमच्याही ओळखीचा असेल. न्यू जर्सीत आयसेलिनला, मराठी वस्तीत राहत असाल तर दोन-चार असतील. आमचे काका जॉर्जियात अल्फारेटाला, आमच्या घरापासून चार घरं सोडून राहायचे. वय सत्तरीकडे झुकलेलं, घरात एकटेच. काकू आम्ही तिथे राहायला येण्यापूर्वीच गेल्या होत्या. तरुणपणी दोन वर्षं ते पाटबंधारे खात्यात ओव्हरसीयर होते, कालव्याच्या सर्व्हेवर तंबूत राहिलेले. पुढे कॉम्प्युटर शिकून इकडे आले, तीस वर्षं नोकरी केली, घर घेतलं, रिटायर झाले. पण मनातला तंबू त्यांनी कधी उतरवला नाही, असं माझं ठाम मत आहे.

आमची ओळख हात हलवण्यापुरती होती. एका ऑक्टोबरात गुरुवारी संध्याकाळी बेल वाजली. दारात काका. आत या म्हटलं तर आले नाहीत. म्हणाले, "शनिवारी काय करताय? बत्तीस नंबर रिकामा आहे."

मला काही बोध होईना. मग त्यांनी सांगितलं की उत्तरेला दीड तासावर, तळ्याकाठी एक स्टेट पार्क आहे. तिथल्या कॅम्पग्राउंडवर ते दर ऑक्टोबरला दोन जागा घेतात, एकतीस नंबर आणि बत्तीस नंबर, अगदी पाण्याला लागून. एकतीसवर ते स्वतः राहतात. बत्तीस कोणासाठी, हे मी विचारलं नाही. आपल्याला बोलावणं आलं म्हटल्यावर माणूस कारण विचारत बसत नाही, स्वतःचे गुण मोजायला लागतो. मीही मोजले. मनमिळाऊ, बहुश्रुत, संगतीला चांगला. बायकोने विचारलं, "पण आपल्यालाच का?" मी म्हटलं, "काकांना माणसं कळतात."

दोन दिवसांत मी कॅम्पिंगची मास्टर शीट तयार केली. एकशे चाळीस ओळी, तीन रंग. काडेपेटीपासून पिठल्याच्या बेसनापर्यंत सगळं तिच्यात होतं. जे गाडीत गेलं ते हिरवं. शनिवारी सकाळी अख्खी शीट हिरवीगार झाली तेव्हा मी बायकोला ती दाखवली. तिने पाहिली आणि चपाती लाटत राहिली.

तळ्याकाठी पोचल्यावर मी तंबूची पिशवी उपडी केली. कापड पडलं, खुंट्या पडल्या, चार भाषांतलं माहितीपत्रक पडलं. पोल पडले नाहीत. मी पिशवी झटकली, मग शीट पाहिली. 'टेंट' हिरवा होता. बायको माझ्याकडे पाहत होती. दहा वर्षांची लेक शांतपणे म्हणाली, "बाबा, द पोल्स आर इन द गणपती बॉक्स."

ते खरं होतं. महिन्यापूर्वी गणपतीत मी मखर केलं होतं. तंबूचे लवचीक पोल वाकवून कमान, तिच्यावर बायकोचा जांभळा शालू. आलेल्या प्रत्येकाला मी ते कसं केलं ते समजावून सांगितलं होतं, न विचारता. विसर्जनानंतर मीच ते पोल नीट घडी घालून मखराच्या खोक्यात ठेवले आणि खोक्यावर लेबलही मीच लावलं: 'गणपती, मखर, पोल्स'.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. हसले नाहीत. "मग चांगल्या कामाला गेलेत," एवढंच म्हणाले आणि बत्तीस नंबरच्या जमिनीवर आडवे झाले. उठून त्यांनी आपल्या गाडीतून दोरीचं बंडल आणलं. झाडाला दोरी बांधायची नाही असा पार्कचा नियम, आणि त्यांना सगळे नियम तोंडपाठ. म्हणून एक टोक कंदील अडकवायच्या लोखंडी खांबाला बांधलं, दुसरं माझ्या गाडीच्या टपावरच्या दांडीला, आणि मधे आमचा तंबू अडकवला. दोन दिवस आम्ही वाळत घातलेल्या चादरीत राहिलो. तंबू गाडीला बांधलेला असल्यामुळे गाडी हलवायची सोय नव्हती. पार्कचा रेंजर थांबून बराच वेळ पाहत राहिला. नियम मोडलेला दिसेना, आणि डोळ्यांवर विश्वास बसेना.

त्या दोन दिवसांत मी जेवढा निवांत बसलो तेवढा अमेरिकेत आल्यापासून बसलो नव्हतो.

दुसऱ्या वर्षी पुन्हा गुरुवारी बेल. "शनिवारी काय करताय? बत्तीस नंबर रिकामा आहे." तिसऱ्या वर्षी तेच, चौथ्या वर्षीही तेच. मी तर शनिवार आधीपासूनच मोकळा ठेवू लागलो आणि काका आले की "बघतो हं" म्हणून कॅलेंडर उघडू लागलो.

काकांचा स्वतःचा तंबू जुना होता, जाड कापडाचा, मधे एक उंच खांब. तो एकट्याने उभा राहायचा नाही. "याला दोघं लागतात," ते म्हणायचे. एकाने खांब धरायचा, दुसऱ्याने भोवती फिरत खुंट्या ठोकून दोऱ्या ताणायच्या. खांब धरायचं काम माझं.

"नुसता धरा," ते बजावायचे. "विचार करू नका."

पण विचार न करणं हे माझ्या शिक्षणात बसत नाही. दुसऱ्या वर्षी खांब धरल्या धरल्या माझ्या लक्षात आलं की तो थोडा तिरका केला तर एक दोरी वाचेल. मी तिरका केला. सगळा तंबू धाडकन खाली आला आणि काका त्याच्याखाली गेले. कापडाच्या ढिगातून शांत आवाज आला, "विचार केलात ना?"

दुपारी ते पाण्याच्या काठाला दोन खुर्च्या मांडायचे. एकीवर ते बसायचे, दुसरीवर मी. समोर तळं, पलीकडच्या तीरावर लाल-पिवळी झालेली झाडं. आणि मी बोलायचो. व्हिसा, ग्रीन कार्डाची रांग, माझा मॅनेजर, त्याच्या जागी मी असतो तर काय केलं असतं, पुण्यातला फ्लॅट. काका "हं" म्हणायचे. त्यांच्या "हं"चे वेगवेगळे प्रकार मला कळतात असं मला वाटायचं. एकदा परतताना मी बायकोला म्हटलं, काकांना माझ्याशी बोलायला फार आवडतं. ती म्हणाली, "तुला बोलायला आवडतं. ते ऐकतात."

बत्तीस नंबरचं कोडं तिने माझ्याआधी सोडवलं होतं. मी काकांना एकदा विचारलं होतं, एकटे येता तर दोन जागा कशाला घेता? ते म्हणाले होते, "कोणी ना कोणी येतं." मला ते उत्तर पुरलं. बायकोला पुरलं नाही. ती म्हणाली, "बोलावणं नेहमी गुरुवारीच का येतं? सोमवारी का नाही? गुरुवारपर्यंत ते कोणाची तरी वाट बघतात." मी तिला म्हटलं, तू फार विचार करतेस.

चौथ्या वर्षी काकांनी स्वतःच सांगितलं. आम्ही खुर्च्यांवर बसलो होतो, माझं ग्रीन कार्डावरचं निरूपण रंगात आलं होतं. मधेच ते म्हणाले, "मुलगा येतो म्हणालाय पुढच्या वर्षी."

मुलगा कॅलिफोर्नियात सांता क्लाराला असतो एवढं मला माहीत होतं. लहानपणी तो दर ऑक्टोबरला आईबाबांबरोबर याच तळ्यावर यायचा. काकू गेल्या त्यानंतर एकदाही आला नव्हता. काका दर वर्षी त्याच्यासाठी बत्तीस नंबर घ्यायचे, तो येणार नाही असं बुधवार-गुरुवारपर्यंत कळवायचा, आणि मग काका माझी बेल वाजवायचे. हे सगळं त्यांनी इतक्या साधेपणाने सांगितलं की मला मधे बोलायला जागाच मिळाली नाही.

"घरी येतो तो दिवाळीत, दोन दिवस," काका म्हणाले. "पण घरी आम्ही दोघं पाहुण्यासारखे असतो. आळीपाळीने फ्रिज उघडून बघतो. इथे तंबू ठोकायला दोघं लागतात. मग बोलावंच लागतं."

पुढे म्हणाले की या वेळी तो स्वतःहून म्हणालाय. सून, नात, सगळेच येणार. नात तोवर तीन वर्षांची होईल. मग मी बसलो होतो त्या खुर्चीकडे पाहून ते अडखळले. "तेव्हा बत्तीस नंबर…"

"अर्थात, काका," मी म्हटलं. फार मोठ्या मनाने म्हटलं. आतून मात्र मला चांगलंच लागलं होतं. चार वर्षं मी बदली कामगार होतो आणि स्वतःला मालक समजत होतो. ती खुर्ची, तो खांब, सगळं दुसऱ्याचं होतं. पण काकांचा चेहरा असा काही उजळला होता की माझं लागणं मलाच क्षुल्लक वाटलं. मी ठरवलं, आपण काकांसाठी काहीतरी करायचं.

माझ्यासारख्याने काहीतरी करायचं ठरवलं की आसपासच्यांनी सावध व्हावं.

त्या पार्कचं बुकिंग वर्षभर आधी, ठरल्या दिवशी सकाळी आठला उघडतं. ऑक्टोबरात पानं रंगतात तेव्हा तर झुंबड असते. पाण्याकाठच्या जागा डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच जातात. काका इतकी वर्षं त्या दोन जागा कशा मिळवत होते, देव जाणे. चष्मा कपाळावर, दोन बोटांनी टायपिंग, आणि लॅपटॉप असा की सुरू व्हायला चहा होतो. यंदा हा माणूस चुकला तर? मुलगा इतक्या वर्षांनी येतो म्हणालाय, आणि जागाच गेली तर? या विचाराने मी अस्वस्थ झालो आणि दोन रात्री बसून एक प्रोग्रॅम लिहिला. आठ वाजता तो स्वतःच साइट उघडणार, एकतीस आणि बत्तीस उचलणार, पुढचं सगळं भरणार. हे पार्कच्या नियमात बसतं का, ते मी पाहिलं नाही. पाहिलं असतं तर करता आलं नसतं.

त्या दिवशी सकाळी आठ वाजता मी कॉफीचा कप उचलला, आणि तो ओठाला लागण्याआधी दोन्ही जागा माझ्या नावावर झाल्या. मी स्वयंपाकघरात नाचलो. बायको म्हणाली, "काकांना सांगितलंस का?"

"सरप्राइज आहे," मी म्हटलं. "दिवाळीला देणार."

"आत्ता सांग."

दिवाळी दहा दिवसांवर होती. दहा दिवस काय मोठे, असं मी म्हटलं. त्याच संध्याकाळी मेलबॉक्सपाशी काका भेटले. मी हसू दाबत हवापाण्याच्या गप्पा मारल्या. ते जरा गप्प वाटले. मला वाटलं, गुडघा दुखत असेल.

दिवाळीला आम्ही फराळ घेऊन त्यांच्याकडे गेलो. मी लिफाफा पुढे केला. आत दोन्ही जागांच्या बुकिंगचे कागद, चांगल्या जाड कागदावर छापलेले. काकांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला आणि दोन्ही कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचले. मग त्यांची नीट घडी केली.

"अरे वा," ते म्हणाले. "तुम्ही घेतलेत होय."

मी प्रोग्रॅम कसा लिहिला ते सविस्तर सांगितलं. त्यांनी माझ्या ताटलीत चकली वाढली. मी पाच चकल्या खाल्ल्या.

पुढच्या ऑक्टोबरात आमचा शनिवार मोकळा होता आणि त्याचं मला दुःख नव्हतं. मुलगा कधी येणार, विमान किती वाजता, मी आणायला जाऊ का, हे विचारावंसं वाटत होतं, पण मी लुडबुड करायची नाही असं ठरवलं होतं. आयुष्यातली माझी ती पहिलीच न केलेली लुडबुड. गुरुवारी संध्याकाळी बेल वाजली.

काका दारात उभे होते. "शनिवारी काय करताय?" ते म्हणाले. "बत्तीस नंबर रिकामा आहे."

मी कॅलेंडर उघडलं नाही. हो म्हटलं.

त्या शनिवारी तळ्यावर सगळं नेहमीसारखं झालं. काका आडवे झाले, अडीच पावलं सरकले, पुन्हा आडवे झाले. मी खांब धरला आणि खरोखरच काही विचार केला नाही. दुपारी खुर्च्या मांडल्या गेल्या. मी विचारलं, मुलाचं काय झालं?

"त्याचं सासरच्यांबरोबर ठरलं," काका म्हणाले. "समुद्रकाठी घर भाड्याने घेतलंय त्यांनी, याच आठवड्यापुरतं. ते विचारत होतेच त्याला. इकडचं ठरेपर्यंत तो थांबला होता."

"पण इकडचं तर ठरलं होतं."

मग त्यांनी सांगितलं. त्या दिवशी सकाळी आठला ते नेहमीप्रमाणे लॅपटॉप घेऊन बसले होते. तासभर आधीच सुरू करून ठेवला होता. आठ वाजले, त्यांनी बटण दाबलं, आणि एकतीसही गेलेला होता, बत्तीसही गेलेला होता. त्यांनी मुलाला फोन करून सांगितलं की या वेळी जागा मिळाल्या नाहीत. मुलगा बरं म्हणाला आणि त्याच दिवशी त्याने सासऱ्यांना होकार दिला.

"मला वाटलं, आपले हात आता मंद झाले," काका म्हणाले.

मला रडू आलं असं लिहिलं तर बरं दिसेल. खरं म्हणजे मला घाम फुटला. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, ही म्हण मी आयुष्यभर दुसऱ्यांसाठी वापरत आलो होतो. ज्या माणसासाठी मी जागा मिळवत होतो त्याच्याच हातातून ती मी काढून घेतली होती, आणि वर दहा दिवस हसू दाबत हिंडलो होतो.

"काका, मग दिवाळीत मी ते कागद दिले तेव्हा मला का नाही बोललात? मुलाला तरी सांगायचं."

"त्याने तिकडे शब्द दिला होता. परत ओढाताण कशाला?" ते म्हणाले. मग माझ्याकडे पाहिलं. "आणि तुम्ही इतके आनंदात होतात."

मी त्या खुर्चीतून उठलो. तिच्यात मला बसवेना. काकांनी "बसा हो" म्हटलं, दोनदा म्हटलं, तेव्हा बसलो. पण त्या दुपारी मी ग्रीन कार्डाबद्दल एक अक्षर काढलं नाही.

घरी आल्यावर मी मुलाला फोन केला. त्याचा नंबर काकांनीच शेजारी म्हणून माझ्याकडे देऊन ठेवला होता, कधी काही झालंच तर असावा म्हणून. मी काय काय बोलायचं ते कागदावर लिहून काढलं होतं. पण त्या नंबरावर शेजाऱ्याचा फोन आल्यावर मुलाला काय वाटेल हे काही मी लिहिलं नव्हतं. त्याने फोन उचलला तो "इज बाबा ओके?" म्हणतच. एका घराला मी किती वेळा धक्का देणार होतो कोण जाणे.

मी म्हटलं, बाबा उत्तम आहेत, गाढवपणा माझा आहे. मग सगळं सांगितलं. प्रोग्रॅम, आठची वेळ, लिफाफा, चकल्या. चकल्या कशाला सांगितल्या माहीत नाही.

"अंकल," तो म्हणाला. माझ्याहून दहाच वर्षांनी लहान असेल, पण मी ते अंकल मुकाट्याने घेतलं. "बाबांना त्या साइट्स मिळाल्या नाहीत असं कधी झालंच नाही. नॉट वन्स. सो मला वाटलं, बाबा जस्ट डिडन्ट वॉन्ट अस देअर. ती आईची जागा आहे ना. इतकी वर्षं मीच नाही म्हणत आलो, आता त्यांनाच तिथे नकोय आम्ही, असं वाटलं. सरळ सांगता येत नाही म्हणून साइट्सचं सांगतायत."

मी त्याला म्हटलं की तुझे वडील दर वर्षी बत्तीस नंबर घेतात आणि गुरुवारपर्यंत तुझी वाट बघतात. हे मला नक्की माहीत आहे, कारण गुरुवारी त्यांनी बोलावलेला माणूस मी आहे.

पुढे बाप-लेकांचं काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. आठवड्याभराने काका रस्त्यात भेटले. म्हणाले, "मंगळवारी सकाळी या. पावणेआठला. चहा घेऊ." मग दोन पावलं पुढे जाऊन वळले. "कॉम्प्युटर आणू नका."

मंगळवारी मी त्यांच्या जेवणाच्या टेबलापाशी बसलो. काकांनी लॅपटॉप तासभर आधीच सुरू करून ठेवला होता. मला म्हणाले, "नुसते बसा." मी दोन्ही हात मांडीखाली घालून बसलो. आठला एक मिनिट होतं तेव्हा त्यांनी चष्मा खाली घेतला. आठ वाजले. दोन बोटं. टक. टक. त्यांनी एक अक्षर चुकवलं, पुसलं, पुन्हा मारलं. माझ्या मांडीखाली माझे हात वळवळत होते. इतकी भीती मला व्हिसाच्या मुलाखतीत वाटली नव्हती. शेवटी पानावर हिरवी ओळ आली. मग परत पहिल्यापासून सगळं, दुसऱ्या जागेसाठी. पुन्हा हिरवी ओळ.

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि फोन लावला. कॅलिफोर्नियात तेव्हा पहाटेचे पाच वाजले होते, पण पहिल्याच रिंगला फोन उचलला गेला.

"बत्तीस मिळाला," काका म्हणाले. मग बराच वेळ ते नुसते ऐकत राहिले. मी चहाचे कप विसळायला आत गेलो आणि विसळलेले कप पुन्हा विसळले.

त्याच्या पुढच्या ऑक्टोबरात, त्या गुरुवारी, मी ऑफिसातून लवकर आलो. टीव्हीचा आवाज बारीक केला. बाहेर जाऊन बेल चालू आहे का ते दाबून पाहिलं. बायको म्हणाली, "अरे, वाजणार नाही ती." मी म्हटलं, माहीत आहे. साडेनऊपर्यंत मी दिवाणखान्यात बसून होतो. बेल वाजली नाही. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू, आणि इतकं वाईटही वाटलं. दोन्ही एकदम वाटायची मला सवय नाही.

काका आता इथे नाहीत. त्यानंतरच्या उन्हाळ्यात घर विकून ते मुलाकडे सांता क्लाराला गेले. तिकडेही डोंगर आहेत, तळी आहेत, आणि नातीला तंबूचा खांब धरता येतो, असं ते फोनवर सांगतात. मलाही एक प्रश्न दर वेळी असतो: "पोल्स कुठे आहेत?" त्यांच्या घरात आता एक तरुण जोडपं राहतं. ते हात हलवतात, मी हात हलवतो.

आम्ही अजून दर ऑक्टोबरला त्या तळ्यावर जातो. तो प्रोग्रॅम मी पुसून टाकला. हाताने बुकिंग करतो, त्यामुळे जागा मिळते ती बाथरूमच्या शेजारची. तंबू ठोकण्याआधी मी जमिनीवर आडवा होतो. मला जमीन काही सांगत नाही. गेल्या वर्षी मला झोपच लागली, आणि बायको-लेकीने माझ्या भोवती तंबू उभा केला.

पण काकांची आठवण निघाली की मला तो रविवार आठवतो. बेल न वाजलेल्या गुरुवारनंतरचा. दुपारपासून मी आमच्या ड्राइव्हवेवरची पानं झाडत होतो. पानं केव्हाच संपली होती. चारच्या सुमाराला काकांची गाडी आली आणि त्यांच्या दारात थांबली. मुलगा उतरला, काका उतरले, सून उतरली आणि मागच्या सीटवरून चार वर्षांची नात. मुलाने मला पाहून हात वर केला. काकांनी नुसती मान हलवली. मग तंबूच्या जड गाठोड्याचं एकेक टोक धरून बाप-लेक घराकडे निघाले आणि पोरगी त्यांच्या मागून. तेव्हा मला त्यांच्या पाठी दिसल्या. काकांच्या खोचलेल्या शर्टाला माती लागली होती. मुलाच्या टी-शर्टला मानेपासून कमरेपर्यंत माती आणि ओकच्या वाळक्या पानांचा चुरा. आणि त्या पोरीचा लाल स्वेटर मागून सगळा मातीने भरला होता. तिची आई तो झटकायला गेली, तर ती पुढे पळाली.